जखमी कोंबडी: आधी जीव सावरा, मग जखम बघा



गटाच्या बैठकीत शेळीच्या आजारावर बोलणं होतं, गाईच्या दुधावर होतं. कोंबडीचं नाव काढलं की मात्र विषय हसण्यावारी जातो. "कोंबडीला कुठं दवाखाना असतो का?" असं कुणीतरी म्हणतंच. कुत्र्यानं धरली, मुंगसानं ओढली की घरात सुरी शोधली जाते, नाहीतर मिळेल त्या भावात ती कोंबडी जाते.

पण हिशोब करून बघा. गावठी कोंबडी वर्षाला साधारण 60 ते 80 अंडी देते. खुडूक झाली की दहा-बारा अंड्यांवर बसते आणि 21 दिवसांत पिल्लं काढते. पिल्लं नीट सांभाळणारी कोंबडी तर सहज मिळत नाही. हा पैसा सातबाऱ्यावर दिसत नाही, पण पोराच्या वह्या, एसटीचं भाडं, गटाचा हप्ता त्यातूनच निघतो आणि तो बाईच्या हातचा असतो. म्हणून आज आपण जखमी कोंबडी कशी वाचवायची ते बघू.

पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जखमी कोंबडी पुष्कळदा जखमेनं मरत नाही, ती भीतीनं आणि गारठ्यानं मरते. कोंबडीचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं, जवळजवळ 41 अंश. हबकलेली, रक्त गेलेली कोंबडी लवकर गार पडते. आपण मात्र तिला अंगणात धरून बसतो, शेजारपाजार जमतो, पोरं हात लावतात आणि भीतीनं ती आणखी खचते.

म्हणून आधी तिच्यावर एखादं जुनं कापड टाका आणि पंख अंगाशी धरून अलगद उचला. छाती आवळू नका. पक्ष्याची छाती हलली तरच त्याला श्वास घेता येतो. घट्ट धरलं तर कोंबडी हातातच गुदमरते.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर पाच मिनिटं दाबून धरा. मध्ये मध्ये उचलून बघू नका. नखी तुटून रक्त येत असेल तर मैद्याची किंवा हळदीची चिमूट त्या टोकाला दाबली तरी थांबतं.

रक्त थांबलं की पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडा, तळाला कापड घाला आणि कोंबडीला त्यात ठेवा. जागा काळोखी आणि शांत हवी, चुलीच्या धुराची नको. थंडीच्या दिवसांत गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवा. तिला बाजूला सरकता येईल एवढी जागा सोडा. उन्हाळ्यात बाटली नको, गार सावली आणि वारा हवा. असं तासभर तिला एकटं राहू द्या.

मान वर करून बघायला लागली की पाणी द्या. दवाखान्यात मिळणारी ओआरएसची पुडी लिटरभर पाण्यात विरघळवा आणि वाटी चोचीसमोर धरा. पीत नसेल तर बोटानं चोचीच्या कडेला थेंब लावा, ती स्वतः गिळेल. तोंड उघडून पाणी ओतायचं नाही. कोंबडीची श्वासनळी जिभेच्या मागंच उघडते. ओतलेलं पाणी सरळ तिथं जातं.

आता जखम. पिसांखाली बोटं घालून सगळं अंग तपासा. पाठ, पंखाखालची बाजू आणि शेपटीजवळचा भाग विसरू नका. मोठी फाटलेली जखम दिसून येते. मांजराच्या किंवा मुंगसाच्या दाताचं बारीक भोक मात्र पिसांत लपतं आणि आतून पू धरतं. मांजराच्या दातातले जंतू तर पक्ष्याच्या रक्तात फार लवकर पसरतात. दाताची खूण दिसली की त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

जखमेभोवतीची पिसं कात्रीनं कापा, उपटू नका. लिटरभर पाणी उकळून कोमट करा, त्यात दीड-दोन लहान सपाट चमचे मीठ घाला आणि त्या पाण्यानं माती, कचरा वाहून जाईपर्यंत जखम धुवा. मग पोव्हिडोन आयोडीन पाण्यात फिकट चहाच्या रंगाचं करून कापसानं लावा. दिवसातून दोन वेळा एवढं पुरतं.

काय लावायचं नाही, तेही सांगतो. रॉकेल, चुना, मिरची, राख, शेण काही नको. आणि आपल्या सिन्नर भागात विडीकाम जुनं, त्यामुळं पुष्कळ घरांत तंबाखू हाताशी असतो. अळ्या मरतात म्हणून तो जखमेत भरतात. तंबाखूतलं निकोटिन पक्ष्यांना विष आहे. अळ्यांआधी कोंबडीच जाईल.

घरातल्या अंगदुखीच्या गोळ्याही देऊ नका. डायक्लोफिनॅक हे माणसांचं वेदनाशामक गुरांना दिलं जायचं. मेलेली गुरं खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि देशभर गिधाडं संपत आली. म्हणून 2006 मध्ये सरकारनं गुरांसाठी त्यावर बंदी घातली. पक्ष्यांचं शरीर वेगळं असतं, त्यांचं औषध डॉक्टरांनीच ठरवायचं. डॉक्टरांनी औषध दिलं की किती दिवस अंडी आणि मांस खायचं नाही, हेही तेव्हाच विचारून घ्या.

माशा हा दुसरा शत्रू, पावसाळ्यात तर जास्तच. उघड्या जखमेवर माशीनं अंडी घातली की दिवसभरात अळ्या पडू शकतात. खोक्यावर मच्छरदाणीचं कापड बांधा, कापड रोज बदला, शीट लागलेलं अंग पुसून घ्या आणि जखम सकाळ-संध्याकाळ बघा. अळ्या दिसल्या तर चिमट्यानं काढा, मिठाच्या पाण्यानं धुवा आणि दवाखान्यात न्या.

पायाच्या पिसं नसलेल्या भागाचं हाड मोडलं असेल तर कापूस गुंडाळा, दोन्ही बाजूंनी बांबूच्या गुळगुळीत कांब्या लावून पट्टी बांधा. बोटं सुजली किंवा गार पडली तर पट्टी सैल करा. साधारण तीन आठवड्यांत हाड जुळतं. पंख लोंबत असेल तर नेहमीसारखा मिटवून अंगाशी पट्टीनं धरा. दुसरा पंख मोकळा ठेवा आणि छातीवर पट्टीखाली बोट जाईल एवढी सैल असू द्या. मांडीचं हाड मोडलं, हाड बाहेर दिसलं किंवा आतडं बाहेर आलं तर घरी खटपट करू नका. तिथं डॉक्टर म्हणतील तसं करायचं. कधीकधी तिचे हाल थांबवणं हीच दया असते.

खाण्यात भिजवलेली बाजरी, मऊ भात, उकडलेलं अंडं कुस्करून, थोडी मेथी किंवा घास द्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खायला लागली, शीट नेहमीसारखी झाली, तुरा पुन्हा लाल दिसला की ती सावरली समजा. काही आठवडे अंडी बंद राहतील, त्याची काळजी नको.

घाई करून तिला कळपात सोडू नका. लाल जखम दिसली की बाकीच्या कोंबड्या चोची मारतात आणि भरत आलेली जखम पुन्हा उघडते. आमच्या एका गटातल्या ताईंची कोंबडी मुंगसानं पाठ सोलली होती. सासूबाई म्हणाल्या, "कापून टाक." ताईंनी तिला अठरा दिवस वेगळी ठेवली. शेवटचे चार दिवस डालग्याखाली झाकून कळपाशेजारी ठेवली आणि मग संध्याकाळी खुराड्यात सोडली. आज तिच्या मागं नऊ पिल्लं फिरतात.

एक फरक मात्र ओळखा. जखम नसताना कोंबडी पेंगते, मान वाकडी करते, हिरवी शीट टाकते, किंवा एकापाठोपाठ एक मरतात, तर ती इजा नाही, रोग आहे. तो मानमोडी असू शकतो. 2006 मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला होता. अशा कोंबड्या कापू नका, विकू नका, उघड्या हातानं धरू नका. दवाखान्याला कळवा किंवा 1962 या क्रमांकावर फोन करा. आणि कोंबडी साधी जखमी असली तरी प्रत्येक वेळी हात साबणानं धुवा.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत गटासाठी एक डबा तयार करा. त्यात कापूस, पट्टी, कात्री, चिमटा, पोव्हिडोन आयोडीनची बाटली, ओआरएसच्या दोन पुड्या आणि मीठ ठेवा. झाकणावर आपल्या दवाखान्याचा नंबर लिहा. डबा कुणाच्या घरी आहे ते सगळ्यांना माहीत असू द्या, कारण कुत्रा बैठकीची वेळ बघून येत नाही.