एका कारीगराला तीन मालक : घरच्या धंद्यात कोणाचं काम कोणतं?

बारावी कॉमर्सला आम्ही 'वाणिज्य संघटन आणि व्यवस्थापन' शिकवतो. फ्रान्सच्या हेन्री फेयॉल या खाणीच्या इंजिनिअरने १९१६ मध्ये मांडलेली चौदा तत्त्वं मुलं पाठ करतात, पेपरात उतरवतात आणि विसरतात. पण मागच्या वर्षी कांजूरमार्गच्या एका विद्यार्थ्याने वर्गातच विचारलं, "सर, एका माणसाला एकच साहेब असावा, हे तत्त्व आमच्या गाळ्यात का नाही?" सगळे हसले. तो मात्र हसला नाही.

गाळा म्हणजे त्याच्या अब्बांचा फॅब्रिकेशनचा. ग्रील, गेट, सेफ्टी डोअर. अब्बा आजारी पडले आणि तिन्ही मोठे भाऊ धंद्यात आले. एका गेटचं माप मोठ्या भाईजानने चार फूट सांगितलं, मधल्याने गिऱ्हाइकाशी फोनवर बोलून साडेतीन केलं, आणि तिसऱ्याने कारीगराला त्या कामावरून उठवून दुसऱ्या साइटवर पाठवलं. गेट चुकलं, मटेरियल वाया गेलं, शिव्या कारीगराला पडल्या. पंधरा वर्षं जुना वेल्डर दुसऱ्या दिवशी आलाच नाही. भावांमध्ये अबोला झाला. ईदला एका दस्तरख्वानावर बसले, पण बोलले नाहीत.

असे घरचे धंदे आपण सगळ्यांनी पाहिलेत. बेकरी असो, कॅटरिंग असो, भंगार असो की शिवणकाम, वडील होते तोवर सगळं त्यांच्या डोक्यात असतं. ते बाजूला झाले की कोण काय ठरवणार, हे कोणालाच ठाऊक नसतं. आपण म्हणतो, "नजर लागली." बऱ्याचदा नजर वगैरे काही नसते, रचना नसते.

रचना म्हणजे साध्या भाषेत चार प्रश्न. काम कोणाकोणात वाटलंय? कोण कोणाला विचारतो? एका माणसाच्या हाताखाली किती जण? आणि कुठला निर्णय कुठे होतो? मोठ्या कंपन्याही याच चार प्रश्नांवर अडखळतात.

आपल्या शेजारचंच बघा. कांजूरमार्गमध्ये क्रॉम्प्टन ग्रीव्हज सांगावी लागत नाही, इथल्या ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्याने कित्येक घरं चालवली. त्या कंपाउंडातल्या काही जमिनीवर आता टॉवर उभे आहेत. ही कंपनी एकीकडे वीज कंपन्यांसाठी अवजड ट्रान्सफॉर्मर बनवायची आणि दुसरीकडे घरातले पंखे, दिवे, पाण्याचे पंप विकायची. आता विचार करा, ट्रान्सफॉर्मरचं गिऱ्हाईक टेंडर काढतं, माल बनायला महिने लागतात, पैसे त्याहून उशिरा येतात. पंख्याचं गिऱ्हाईक उन्हाळ्यात दुकानात येतं आणि दहा मिनिटांत घेऊन जातं. दोन्हींचा वेग वेगळा, माणसं वेगळी, जाहिरात वेगळी. अशा ठिकाणी खरेदी, उत्पादन, विक्री असे कामानुसार विभाग पाडण्यापेक्षा मालानुसार विभाग पाडणं सोयीचं पडतं. पंख्यांची स्वतःची विक्री, ट्रान्सफॉर्मरची स्वतःची. पुढे तर २०१५-१६ मध्ये घरगुती वस्तूंचा धंदा वेगळा काढून त्याची स्वतंत्र कंपनीच झाली.

आणि मूळ कंपनीचं काय झालं, तेही सांगायला हवं. ऑगस्ट २०१९ मध्ये हिशेबात गंभीर गैरप्रकार सापडल्याचं तिनेच जाहीर केलं. अध्यक्षांना पदावरून हटवलं गेलं आणि २०२० मध्ये कंपनी चेन्नईच्या मुरुगप्पा समूहाच्या ताब्यात गेली. पैसा हलवणारा एक आणि तपासणारा दुसरा असावा, असं पुस्तकात एका ओळीत असतं. ती ओळ मुलं हमखास ऑप्शनला टाकतात.

भाऊभाऊ मिळून चालवू, दोघे बरोबरीचे, हा विचारही मोठ्यांनी करून पाहिलाय. विप्रोची सुरुवात आपल्या महाराष्ट्रातच, जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला झाली. १९४५ मध्ये मोहम्मद हाशम प्रेमजींनी तिथे वनस्पती तेलाचा कारखाना काढला. १९६६ मध्ये त्यांचा इंतकाल झाला तेव्हा अझीम प्रेमजी २१ वर्षांचे होते, अमेरिकेतलं शिक्षण सोडून परतले. तेलाबरोबर साबण, हायड्रॉलिक्स, बल्ब, मग कॉम्प्युटर आले. २००८ मध्ये कंपनीने आयटीच्या धंद्यावर एकाच वेळी दोन सीईओ नेमले. जानेवारी २०११ मध्ये रचना सोपी हवी म्हणत पुन्हा एकावर आणलं. २०१३ मध्ये साबण-बल्बचा धंदा आयटीपासून वेगळ्या कंपनीत गेला. त्या दोघांचं जमत नव्हतं असं आमचं म्हणणं नाही. दोघेही कर्तबगार होते. पण एकाच खुर्चीवर दोघे बसले की खालचा माणूस कोणाकडे बघणार?

मग प्रत्येक गोष्टीला वर विचारायचं का? तसंही नाही. त्यासाठी डबेवाले बघा. कोरोनाच्या आधी सुमारे ५००० डबेवाले रोज जवळपास २ लाख डबे पोचवायचे. त्यांच्यात पातळ्या जेमतेम तीन : वर मंडळ, मध्ये मुकादम, खाली डबेवाला. कांजूरमार्गला स्लो गाडी किती सेकंद थांबते, ते रोज चढणाऱ्याला विचारा. तेवढ्यात चढवायचे-उतरवायचे डबे. डबा चुकला तर साहेबाला फोन करून परवानगी घ्यायला वेळच नसतो, म्हणून निर्णय जागच्या जागी, त्या माणसाच्या हातात. डब्यावरच्या खुणा सगळ्यांना वाचता येतात, गटात एक-दोन माणसं जास्तीची असतात, आणि प्रत्येक जण स्वतःला धंद्यातला भागीदार समजतो. इतकी सपाट रचना चालते ती काम रोज तेच असतं म्हणून. गेटचं तसं नाही, प्रत्येक गिऱ्हाइकाचं माप वेगळं.

तर त्या विद्यार्थ्याला आम्ही म्हटलं, घरी एक मोठा कागद घे आणि मशवऱ्याला सगळ्यांना बसव. सूरह बकराच्या २८२व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगितलंय, हे आपण भाषणात ऐकतो. पण भावाभावात लिहायचं म्हटलं की लाज वाटते, विश्वास नाही का, असं वाटतं. पहिल्या दिवशी मोठे भाईजान उठूनच गेले. आठवड्याने अम्मींनी परत बसवलं.

ठरलं ते एवढंच. माप आणि गिऱ्हाईक मधल्याकडे, एकदा लिहिलेलं माप बदलायचं तर त्याच्याच सहीने. कारीगर कुठे जाईल हे फक्त मोठे भाईजान सांगणार, बाकी दोघांनी कारीगराला थेट हुकूम द्यायचा नाही. तिसऱ्याकडे खरेदी, पण ठरलेल्या रकमेच्या वर गेली तर तिघांना विचारून. वेल्डरला परत बोलवायला मोठे भाईजान स्वतः गेले. तो आला, पण महिनाभराने.

मग कागदावर प्रश्न आला, बिलं कोण बनवतं? जीएसटी कोण भरतं? उधारीची वही कोणाकडे? तिघे भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. ते सगळं त्यांची बहीण करत होती, तीन वर्षं, रात्री किचनच्या ओट्याशेजारी लॅपटॉप ठेवून, बिनपगारी. कागदावर तिचं नावच नव्हतं. आमच्या विद्यार्थ्याने ते लिहिलं, भावांच्या नावाखाली नाही, बाजूला, कारण हिशोब तपासणारी ती. पगार त्याच महिन्यापासून सुरू झाला. धंद्यात तिचा हिस्सा किती, यावर अजून बोलणी चालू आहेत.