जुन्या मोटारीची वीज आणि योग्यतेची परीक्षा

कावेरीच्या सुपीक खोऱ्यात, तंजावर आणि कुंभकोणम या दोन नगरांच्या दरम्यान पापनाशम हे गाव वसले आहे. सभोवार भाताची खाचरे, कालवे, आणि जवळच तिरुपालैत्तुरै येथील देवळाच्या आवारात नायक राजांच्या काळी विटांनी बांधलेले एक प्रचंड धान्यकोठार. तंजावरच्या भोसल्यांचे राज्य १८५५ साली लयास गेले. तथापि घरात मराठी बोलणारी कुटुंबे या जिल्ह्यात अद्याप आहेत. अशाच एखाद्या घराच्या अंगणात उभी असलेली जुनी अँबॅसडर मोटार वाचकाने डोळ्यांपुढे आणावी. तिचे इंजिन धडधाकट आहे, पत्रा जाड आहे. खोड आहे ती विजेची. वळणाचा दिवा लावावा तर तो लुकलुकत नाही, उलट मागचे तांबडे दिवे मिणमिणू लागतात. चार दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते. आणि नोंदणीची मुदत तर संपत आलेली.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ४१ व्या कलमानुसार खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे टिकते. पुढे तिचे नूतनीकरण एका वेळी पाच वर्षांपुरते होते, आणि त्यासाठी मुदत संपण्यापूर्वीच्या साठ दिवसांत २५ क्रमांकाच्या नमुन्यात अर्ज करून गाडी निरीक्षकापुढे उभी करावी लागते. परीक्षेत गाडी नापास झाली व दोष दूर झाले नाहीत, तर तिला रस्ता बंद होतो. मग उरतो तो भंगारवाल्याचा रस्ता. पण प्रश्न केवळ एका गाडीचा नाही. सुगीच्या दिवसांत तंजावर-कुंभकोणम मार्गावर रात्री भाताने लादलेल्या गाड्या व ट्रॅक्टर चालतात, कडेने माणसे पायी जातात. पुढची मोटार थांबत आहे की वळत आहे, हे मागच्याला केवळ तिच्या दिव्यांवरून कळते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ६२ व्या नियमात तपासणीच्या बाबींचे कोष्टक आहे. ते वाचताना एक गोष्ट लक्षात येते : ब्रेक आणि सुकाणू यांच्या जोडीने त्यात दिवे, बल्ब, हॉर्न, काच पुसणारा वायपर, समोरच्या फळीवरील उपकरणे असा विजेचाच मोठा परिवार आहे. स्पार्क प्लगच्या टोपणाचीही तेथे वर्णी लागली आहे. प्लगमधील ठिणगी ही एक प्रकारची लहानशी बिनतारी प्रेषक यंत्रणाच होय. टोपणात रोध बसविलेला नसेल तर रस्त्यालगतच्या घरांतील रेडिओ खरखरतो.

आता विजेकडे वळू. घरातील दिव्याला दोन तारा असतात; मोटारीतील दिव्याला बहुधा एकच. बॅटरीचे एक टोक गाडीच्या लोखंडी अंगाला जोडलेले असते आणि दिव्यातून गेलेला प्रवाह त्या अंगातूनच परत येतो. मिस्त्री यालाच ‘अर्थ’ म्हणतात. तांब्याची कितीतरी तार या युक्तीने वाचली. परंतु त्याबरोबर असे झाले की, गाडीचा गंज हा विजेचाही दोष बनला. दिव्याचे घर ज्या स्क्रूने पत्र्याला जखडलेले असते, त्याच्याखाली ईशान्य मोसमी पावसाचे पाणी शिरते. तांबे किंवा पितळ, लोखंड आणि ओल यांचा संयोग म्हणजे एक लहानसा विद्युत्घटच. त्यात लोखंड झिजते व सांध्यावर गंजाचा थर साचतो, आणि गंज हा विजेचा वाहक नव्हे.

हा परतीचा मार्ग पूर्ण तुटला म्हणजे काय होते? मागच्या दिव्याच्या एकाच घरात वळणाचा व शेपटीचा असे दोन्ही बल्ब असतात आणि त्यांचा अर्थही एकच असतो. वळणाच्या दिव्यातून निघालेल्या प्रवाहाला घरी जायला वाट उरत नाही. मग तो शेजारच्या शेपटीच्या दिव्यात उलटा शिरतो, त्याच्या तारेने गाडीच्या दुसऱ्या बाजूच्या दिव्यात जातो आणि तिकडच्या अर्थातून बॅटरीला मिळतो. वाटेतले सारे दिवे त्यामुळे मिणमिणतात. प्रवाह क्षीण झाल्याने जुन्या पद्धतीच्या लुकलुक्याची तार पुरेशी तापत नाही, आणि लुकलुकणेही बंद पडते. नियमाप्रमाणे वळणाचा दिवा मिनिटास ६० पेक्षा कमी नाही व १२० पेक्षा जास्त नाही, इतक्या वेळा लुकलुकला पाहिजे. नवा बल्ब, नवा लुकलुक्या, नवे बटण असा खर्च मालक करीत सुटतो. दोष मात्र चार आण्यांच्या स्क्रूखाली असतो.

मार्ग पूर्ण न तुटता नुसता अरुंद झाला, तर दोष अधिक फसवा होतो. पुढच्या दोन दिव्यांचे ५५ वॅटचे तंतू १२ व्होल्टवर मिळून सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतात. त्यांच्या सामाईक अर्थात ओहमच्या एक दशांशाइतकाच रोध आला, तरी तेथे जवळजवळ ०.९ व्होल्ट दाब खर्ची पडतो. ही तूट वाचकास क्षुल्लक वाटेल. परंतु तापलेल्या तंतूचा प्रकाश दाबाच्या प्रमाणात घटत नसून त्याहून फार वेगाने घटतो. दाब सात-आठ टक्क्यांनी उतरला की प्रकाश सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतो.

असा दोष रोधमापकाने शोधू नये. दहा धाग्यांपैकी एकच धागा शाबूत असलेली तारसुद्धा त्या मापकाच्या अल्प प्रवाहाला निर्दोष वाटते. दिवा पेटता ठेवून व्होल्टमापकाचे एक टोक बॅटरीच्या अर्थ जोडलेल्या ध्रुवाला व दुसरे दिव्याच्या धातूच्या घराला लावावे. काटा शून्यापाशी राहिला तर अर्थ चांगला. अर्धा-पाऊण व्होल्ट दाखवू लागला तर स्क्रू सोडवावा, पत्रा उजळ होईपर्यंत घासावा, आणि सांधा पुन्हा आवळून वर ग्रीस लावावे. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा धन ध्रुव अंगाला जोडलेला असे. म्हणून मापक लावण्यापूर्वी ध्रुव पाहून घ्यावा.

रात्रीत उतरणाऱ्या बॅटरीचा शोधही असाच शांतपणे घ्यावा. सर्व बटणे बंद करून बॅटरीची एक तार सोडवावी व मध्ये अँपिअरमापक घालावा. अर्ध्या अँपिअरची गळतीसुद्धा ५० अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत रिकामी करते. मग एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्याच्या काढण्याने काटा खाली येतो, त्या मंडलात दोष आहे. काही जुन्या गाड्यांत मात्र फ्यूज जेमतेम दोन असतात आणि पुढचे दिवे फ्यूजविना असतात, तेव्हा तेथे तारच हाताने तपासावी लागते. धान्याच्या प्रदेशात उंदरांना तोटा नाही, आणि गाडीखालच्या उबेत बसून तारेचे वेष्टण कुरतडणे हा त्यांचा आवडता उद्योग आहे. जळलेल्या फ्यूजवर चांदी गुंडाळून काम भागविणारे मिस्त्रीही भेटतात. अशा गाडीत पुढच्या वेळी जळतो तो फ्यूज नव्हे, तारांचा सगळा जुडगा.

तपासणीच्या दिवशी आणखी एक गंमत घडते. फार जुन्या गाड्यांत डायनामो असतो, आणि इंजिन मंद चालत असता तो बॅटरीला काहीच देत नाही. निरीक्षकापुढे गाडी उभ्यानेच चालू असते. म्हणजे त्या वेळी सारे दिवे बॅटरीच्या जिवावर जळतात. यास्तव बॅटरी आदल्या रात्री पूर्ण भारून न्यावी.

प्रकाश पुरेसा झाला, तरी तो योग्य दिशेस पडावा लागतो. दिव्यापुढे ८ मीटर अंतरावर, उजवीकडे अर्धा मीटर सरकून, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील त्याचे डोळे दिपू नयेत, असे नियम सांगतो. संध्याकाळी सपाट जागी एखाद्या भिंतीवर झोत पाडून दिव्यामागचे स्क्रू फिरविल्यास हे घरीच साधते. ब्रेकचा दिवा पायाच्या हलक्या दाबाने लागतो की नाही, हेही सोबत्याला मागे उभे करून पाहावे; कारण ब्रेकच्या तेलाच्या दाबावर चालणारे जुने बटण थकले की जोराने दाबल्यावाचून जागे होत नाही, आणि निरीक्षक हलकेच दाबावयास सांगतो.

एवढे झाल्यावर सकाळच्या उन्हात गाडी रांगेत उभी राहते. निरीक्षक डावा दिवा, उजवा दिवा, ब्रेक, हॉर्न, वायपर असे क्रमाने पुकारतो आणि मालकाचा हात एकेका बटणाकडे जातो. शेवटी सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकावर कागद धरून पेन्सिल घासतात. कागदावर अक्षरे पांढरी उमटतात आणि तो तुकडा अर्जाला चिकटवला जातो.