आठव्या लेनचा लाड?

कॉलेजात ॲथलेटिक्सचा तास सुरू झाला, चारशे मीटरची शर्यत लागली, की तक्रार ठरलेली: "सर, आठव्या लेनमधला एवढा पुढे का?"

उत्तर फक्की आणि टेपमध्ये आहे. लेन १.२२ मीटर रुंद. जितकं बाहेर जावं तितका वळणाचा घेर मोठा. म्हणून दुसऱ्या लेनमधल्याला पहिल्याच्या ७.०४ मीटर पुढे उभं करतात, त्यापुढच्या प्रत्येकाला आणखी ७.६७ मीटर. आठव्यापर्यंत हिशेब ५३ मीटरांवर जातो!

लाड कसला? उलट त्या बिचाऱ्याला निम्मी शर्यत बाकीचे दिसतच नाहीत. तो अंदाजाने पळतो. पहिल्या लेनमध्ये वळण फार आवळ, वेगात अंग बाहेर फेकलं जातं. त्यामुळे जाणते धावपटू मधल्या लेनवर खूश.

मैदान दोनशे मीटरचं असेल, तर दोन फेऱ्या. दोन्ही फेऱ्या आपापल्या लेनमध्येच पळायच्या असतील, तर फक्की मारताना पुढे उभं करायचं हे अंतर दुप्पट.