जुन्या मोटारसायकलचे दिवे काय सांगतात?

घरात नवी स्कूटर किंवा कार आली तरी जुनी मोटारसायकल सहसा विकवत नाही. ती वडिलांनी हप्ते भरून घेतलेली असते, मुलगा तिच्यावरच चालवायला शिकलेला असतो आणि दळण आणण्यापासून स्टेशन गाठण्यापर्यंतची कामे अजूनही तीच करते. १९८५ मध्ये आलेली हीरो होंडा सीडी १००, १९९४ ची स्प्लेंडर, २००१ ची बजाज पल्सर किंवा त्यांच्याही आधीची बुलेट, अशा कितीतरी गाड्या आजही रस्त्यावर दिसतात. इंजिनाची वेळेवर काळजी घेतली तर ते वर्षानुवर्षे साथ देते. त्रास देतात ते दिवे, हॉर्न आणि बॅटरी.

एक दिवस न्यूट्रलचा हिरवा दिवा लागत नाही. मग इंडिकेटर मिचमिचू लागतो, हॉर्नचा घसा बसतो. गॅरेजमध्ये आधी बॅटरी बदलली जाते, महिन्याभराने रेक्टिफायर, नंतर फ्लॅशर आणि शेवटी सगळे वायरिंग. पैसे जातात, तक्रार मात्र तशीच राहते. दरम्यान मागचा ब्रेकचा दिवा कधीचाच बंद पडला आहे, हे घरात कोणाच्या लक्षातही आलेले नसते. चालवणाऱ्याला तो दिसतच नाही. पण रात्रीच्या वेळी मागून येणाऱ्या ट्रकला ‘पुढची गाडी थांबते आहे’ हे सांगणारी तीच एक खूण असते. म्हणूनच ही तक्रार केवळ खर्चाची नाही, गाडीवर बसणाऱ्या प्रत्येकाच्या सुरक्षिततेची आहे.

खरे तर जुन्या गाडीतले पुष्कळसे दोष महागड्या भागांत नसतातच. ते असतात जोडांमध्ये. टर्मिनलवर चढलेला पांढरा थर, ढिला झालेला कपलर, रंगाखाली दबलेले अर्थिंग, यांचा दुरुस्तीचा खर्च जवळजवळ शून्य असतो. गरज असते ती स्वस्त गोष्टीपासून महाग गोष्टीकडे क्रमाने जाण्याची. त्यासाठी दोन-तीन पाने, स्क्रू ड्रायव्हर, बारीक पॉलिश पेपर, इन्सुलेशन टेप आणि एक साधा डिजिटल मल्टीमीटर एवढे सामान पुरे.

वीज येते कुठून?

इंजिन फिरू लागले की मॅग्नेटोच्या कॉइलमध्ये वीज तयार होते. रेक्टिफायर तिला बॅटरीत साठवण्याजोगी करतो आणि रेग्युलेटर तिला मर्यादेत ठेवतो. बऱ्याच गाड्यांत हे दोन्ही एकाच डबीत बसवलेले असतात. हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाइट आणि न्यूट्रलचा दिवा बॅटरीवर चालतात. पण सीडी १०० आणि जुन्या स्प्लेंडरसारख्या १०० सीसीच्या गाड्यांत हेडलाइट थेट मॅग्नेटोवर चालतो. म्हणून इंजिन बंद असताना तो लागत नाही आणि सिग्नलला उभे राहिले की मंद होतो. हा दोष नव्हे, गाडीची रचनाच तशी आहे.

एवढे माहीत असले तरी निम्मा शोध लागतो. अशा गाडीचा हेडलाइट चांगला लागतो पण हॉर्न आणि इंडिकेटर मेले आहेत, तर मॅग्नेटो ठीक आहे. बॅटरी, फ्यूज आणि त्यांचे जोड बघा. उलट हॉर्न खणखणीत आहे पण हेडलाइट लागत नाही, तर बल्ब, होल्डर, अप्पर-डिपरचा स्विच किंवा मॅग्नेटोची दिव्यांची कॉइल यांच्याकडे वळा. आणखी एक गोष्ट म्हणजे, अशा अनेक गाड्या बॅटरी पूर्ण संपली तरी किक मारून सुरू होतात. त्यामुळे बॅटरी निकामी झाल्याचे कित्येक महिने कळतच नाही.

आधी बॅटरी, मग बाकीचे

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीला सकाळी, किल्ली लावण्यापूर्वी, मल्टीमीटर लावा. १२ व्होल्टची चांगली, पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२.४ च्या आसपास असेल तर तिला चार्जिंगची गरज आहे. १२ किंवा त्याहून कमी असेल तर ती जवळजवळ रिकामी आहे. मात्र नुसता आकडा पाहून समाधान मानू नका. मीटर तसाच ठेवून हॉर्न वाजवा, ब्रेक दाबा. आकडा धाडकन १० च्या खाली घसरला, तर बॅटरीत दम उरलेला नाही किंवा टर्मिनलचा जोड सैल आहे.

आता इंजिन सुरू करून थोडे वाढवा. बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. इंजिन वाढवूनही आकडा १२ वरच अडकला, तर चार्जिंग होत नाही. नवी बॅटरी टाकली तरी तीही आठवड्याभरात संपेल. आकडा १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे. तो बॅटरीतले पाणी आटवतो आणि बल्ब पुन्हा पुन्हा जाळतो. एकाच महिन्यात दोन-तीन बल्ब गेले तर बल्बच्या दुकानदाराला दोष देण्याआधी ही तपासणी करा.

बॅटरी काढताना आधी वजा टर्मिनल सोडा, मग अधिक. बसवताना आधी अधिक, मग वजा. क्रम चुकला आणि पाना गाडीच्या चौकटीला टेकला तर मोठी ठिणगी उडते. पाण्याच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, नळाचे पाणी किंवा ॲसिड नाही. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघतो, म्हणून जवळ काडेपेटी किंवा उदबत्ती नको. इंजिन चालू असताना बॅटरी सुटी करून ‘बघू या चालते का’ असा प्रयोगही करू नका. त्यात बल्ब आणि रेग्युलेटर दोन्ही जळू शकतात.

जोड आणि अर्थिंग

बॅटरीतून निघालेली वीज दिव्यातून जाऊन गाडीच्या लोखंडी चौकटीमार्गे परत येते. या परतीच्या वाटेलाच अर्थिंग म्हणतात. ती वाट गंजली की गाडी चमत्कारिक वागू लागते. ब्रेक दाबला की टेल लाइट मंद होतो, उजवा इंडिकेटर दिला की मागचा लाल दिवाही लुकलुकतो, हॉर्न वाजवला की मीटरचा दिवा विझतो. एकाच वेळी अनेक दिवे असे वेडेवाकडे वागू लागले की अर्थिंगवर संशय घ्यावा.

ते तपासण्याची युक्ती सोपी आहे. एक लांब वायर घ्या. तिचे एक टोक बॅटरीच्या वजा टर्मिनलला आणि दुसरे रुसलेल्या दिव्याच्या होल्डरच्या धातूला टेकवा. दिवा लख्ख उजळला तर बल्बही चांगला आणि स्विचही चांगला, दोष फक्त अर्थिंगचा. तिथला बोल्ट सोडून खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासा, बोल्ट घट्ट करा आणि वर थोडी व्हॅसलीन लावा.

पावसाळ्यानंतर कपलर उघडून पाहायलाच हवेत. कोकण-गोव्यासारख्या खाऱ्या हवेत तर वर्षातून दोनदा. आत हिरवट थर दिसला तर तो साफ करा. हँडलखाली, जिथे वायरींची जुडी वळताना सतत दुमडते, तिथे आतली तार तुटते पण वरचे आवरण शाबूत दिसते. हँडल डावीकडे वळवले की दिवा जातो आणि उजवीकडे वळवले की येतो, तर दोष तिथेच आहे. गाडी बरेच दिवस जिन्याखाली उभी असेल तर सीटखाली उंदरांनी वायरी कुरतडल्या आहेत का, तेही पाहा.

फ्यूज हा पहारेकरी

फ्यूज वारंवार जात असेल तर तो वाईट नसून इमानदार आहे. कुठेतरी वायर घासून चौकटीला टेकते आहे, एवढेच तो सांगतो. त्याच्या जागी जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपवून दार उघडे टाकणे. मग फ्यूजऐवजी वायर तापते, आणि ती पेट्रोलच्या टाकीखालून जाते. जेवढ्या अँपिअरचा फ्यूज माहितीपुस्तकात लिहिला असेल तेवढाच घाला.

हीच गोष्ट जास्त वॅटच्या बल्बची. ३५ वॅटचा दिवा १२ व्होल्टवर सुमारे ३ अँपिअर ओढतो, १०० वॅटचा ८ पेक्षा जास्त. जुना स्विच आणि होल्डर एवढ्या भारासाठी बनवलेलेच नसतात. ते वितळतात.

कोणता दिवा काय सांगतो?

न्यूट्रलचा हिरवा दिवा: गाडी न्यूट्रलमध्ये आली की गिअरबॉक्सवरचा छोटा स्विच या दिव्याचे अर्थिंग पूर्ण करतो. दिवा लागत नसेल तर किल्ली चालू करून त्या स्विचची वायर काढा आणि इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा. दिवा लागला तर स्विच खराब. नाही लागला तर बल्ब किंवा वायर. उलट, गाडी गिअरमध्ये असतानाही दिवा जळतच राहिला तर ती वायर कुठेतरी सोलून चौकटीला टेकली आहे किंवा स्विच आतून चिकटला आहे. हा दोष किरकोळ समजू नका. हिरव्या दिव्यावर विश्वास ठेवून क्लच सोडला तर गाडी उसळी मारते.

इंडिकेटर: एका बाजूचा इंडिकेटर नेहमीपेक्षा वेगाने किंवा अगदी हळू लुकलुकत असेल तर बहुधा त्या बाजूचा एक बल्ब गेला आहे किंवा चुकीच्या वॅटचा आहे. दोन्ही बाजूंचे दिवे नुसते जळून राहत असतील तर बॅटरी कमजोर किंवा फ्लॅशर निकामी. हौसेने एलईडी बल्ब लावले की जुना फ्लॅशर गोंधळतो, कारण एलईडी फारच कमी वीज घेतात. त्यासाठी एलईडीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लागतो. ज्या गाड्यांत मीटरवर दोन्ही बाजूंसाठी मिळून एकच खुणेचा दिवा असतो, तिथे एलईडी लावल्यावर कधी कधी चारही इंडिकेटर एकदम लुकलुकतात. तो खुणेचा दिवा दोन्ही बाजूंना जोडलेला असल्याने वीज त्यातून पलीकडे जाते. दोन डायोड लावून इलेक्ट्रिशियन ते थांबवू शकतो.

ब्रेक लाइट: मागच्या बल्बमध्ये बहुधा दोन तारा असतात, टेल लाइटची ५ वॅटची आणि ब्रेकची २१ वॅटची. त्यामुळे टेल लाइट जळतो म्हणून ब्रेक लाइटही ठीक असेल, असे समजू नका. पुढचा आणि मागचा ब्रेक यांचे स्विच वेगळे असतात, म्हणून दोन्ही वेगवेगळे दाबून पाहा. पायाच्या ब्रेकचा स्विच स्प्रिंगने ओढला जातो. ब्रेक घट्ट केल्यावर तोही नव्याने जुळवावा लागतो.

तेलाचा लाल दिवा: काही गाड्यांत तो असतो. किल्ली फिरवल्यावर लागावा आणि इंजिन सुरू होताच विझावा. चालत्या गाडीत तो लागला तर घर गाठण्याचा मोह टाळा. लगेच इंजिन बंद करून तेल पाहा.

इंजिनाचा पिवळा दिवा: फ्यूएल इंजेक्शनच्या गाड्याही आता जुन्या होऊ लागल्या आहेत. त्यांत हा दिवा किल्ली फिरवल्यावर थोडा वेळ लागून विझतो. तो जळतच राहिला तर बॅटरी आणि जोड तपासून गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये न्या. बल्ब काढून तक्रार मिटवू नका.

बुलेटची सुई

मद्रासमध्ये १९५५ पासून बनू लागलेल्या बुलेटची तऱ्हा वेगळी. तिच्या जुन्या गाड्यांत दिव्याऐवजी अँपिअर मीटरची सुई बोलते. हेडलाइट लावून इंजिन मंद चालत असेल तर सुई वजाकडे झुकते, वेग घेतला की मध्यावर किंवा किंचित अधिककडे येते. वेगातही ती वजाकडेच राहिली तर चार्जिंग होत नाही. पॉइंटच्या गाडीत किल्ली चालू करून किक सावकाश दाबली तर सुई वजाकडे जाते आणि परत मध्यावर येते. पॉइंट मिटले आणि उघडले, याचा तो पुरावा. सुई जागची हललीच नाही तर वीज कॉइलपर्यंत पोहोचत नाही किंवा पॉइंट मळले आहेत. कार्ब्युरेटर खोलण्याआधी हे पाहिले तर अर्धा दिवस वाचतो.

गॅरेजमध्ये जाताना

मॅग्नेटोची कॉइल, सीडीआय किंवा संपूर्ण वायरिंग ही कामे जाणकाराचीच. ठिणगीच्या वायरमध्ये हजारो व्होल्ट असतात, तिला चालू इंजिनात हात लावू नका. मात्र मेकॅनिकला ‘लाइट चालत नाही’ एवढेच सांगण्याऐवजी बॅटरीचे सकाळचे आणि इंजिन चालू असतानाचे व्होल्ट एका कागदावर लिहून न्या. दोष कधी दिसतो तेही सांगा: पावसात, खड्ड्यातून गेल्यावर की हँडल वळवल्यावर. ‘बदलून बघू’ असे उत्तर मिळाले तर आधी मोजून दाखवण्याचा आग्रह धरा. बदललेला जुना भाग परत मागा.

१५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना आरटीओत गाडी तपासली जाते, तेव्हा दिवे आणि हॉर्न चालू असावेच लागतात. पण तेवढी वाट कशाला पाहायची? महिन्यातून एका संध्याकाळी घरातल्या कोणालाही गाडीच्या मागे उभे करा. दोन्ही ब्रेक, चारही इंडिकेटर, टेल लाइट, अप्पर-डिपर आणि हॉर्न पाहायला दोन मिनिटे पुरतात. मुलांना हे काम आवडतेही. आणि त्यांना लहानपणीच कळते की रस्त्यावर आपल्याला दिसणे जितके गरजेचे, तितकेच आपण इतरांना दिसणेही.