साखळीकरवतीची धार व बेंच ग्राइंडर

लाकडाच्या वखारी व हत्यारांची दुकाने चालविणाऱ्या आपल्या सभासद बंधूंकडे साखळीकरवतीच्या साखळ्या धार लावण्यासाठी येत असतात. कानशीने हे काम सावकाश होते. विजेवरील बेंच ग्राइंडर तेच झपाट्याने करतो, आणि साखळी बिघडवितोही तितक्याच झपाट्याने.

नवे चाक बसविण्यापूर्वी बोटावर टांगून लाकडी मुठीने हलकेच ठोकावे. स्वच्छ नाद उमटला तर चाक अखंड जाणावे; आवाज बोदा आला तर ते तडकलेले समजून टाकून द्यावे, किमतीकडे पाहू नये. फिरते चाक फुटल्यास त्याचे तुकडे गोळीसारखे उडतात. म्हणून यंत्र सुरू करताना बाजूस उभे राहावे व डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा.

साखळी तेल व डिंक काढून स्वच्छ करावी. वरच्या धारेचा कोन बहुधा ३० अंशांचा असतो, तरी निर्मात्याचा आकडाच प्रमाण मानावा. सर्वांत आखूड दाता माप धरून बाकीचे तेवढेच करावेत. एरवी काप तिरका जातो.

खरी मेख उष्णतेत आहे. गिऱ्हाईक उभे असले म्हणजे घाई होतेच. परंतु चाक दाबून धरल्यास पोलाद निळे पडते, त्याचे पाणी उतरते व धार टिकत नाही. क्षणभर टेकवावे, उचलावे, पुन्हा टेकवावे. गुळगुळीत झालेले चाकही दाते तापविते. ते घासणीच्या विटेने खरखरीत व मूळ आकाराचे करावे.

दात्यापुढील डेप्थ गेज नावाचा उंचवटा शेवटी तपासावा. पुष्कळ साखळ्यांत तो धारेहून ०.०२५ इंच खाली असतो. याहून अधिक घासल्यास करवत कामगाराच्या हातांत उसळी मारते.