विमान बदलायचं, पण कोणाच्या परवानगीनं?

जालना-अंबडकडून येणारा रस्ता वडीगोद्रीला धुळे-सोलापूर महामार्गाला मिळतो. अंबडहून आलेला माणूस इथं उतरतो, रस्ता ओलांडतो आणि बीडकडची नाहीतर छत्रपती संभाजीनगरकडची गाडी धरतो. गाडी बदलायला वडीगोद्रीच्या ग्रामपंचायतीची परवानगी कोणी मागत नाही. विमान बदलणंही असंच असतं, हा समज मनात घेऊन आपल्याकडची पोरं शिकायला जर्मनीला नाहीतर अमेरिकेला निघतात, आई-वडील नातवंडांना भेटायला निघतात. बऱ्याचदा तो समज निभावूनही जातो, कारण बऱ्याच जणांचं विमान दुबई, अबुधाबी किंवा दोह्याला बदलतं आणि तिथं विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलायला भारतीय प्रवाशाला व्हिसा लागत नाही. आखाताच्या या सवयीनंच बाकीचे गैरसमज पोसले आहेत.

त्यातला सगळ्यात पक्का गैरसमज असा: ‘आपण विमानतळाबाहेर पाऊलच टाकणार नाही, मग त्या देशाचा व्हिसा कशाला?’

अमेरिकेपुरतं बोलायचं तर तिथं ‘आतल्या आत’ अशी सोयच नाही. मुंबईहून न्यूयॉर्कमार्गे टोरांटोला किंवा ह्यूस्टनमार्गे मेक्सिकोला जाणाऱ्यालाही अमेरिकेत उतरल्यावर इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहावं लागतं. दोन तासांनी पुढचं विमान असलं तरी त्याच्याकडे अमेरिकेचा व्हिसा हवाच. ट्रान्झिटचा सी-१ किंवा नेहमीचा पर्यटक व्हिसा. पूर्वी ठराविक विमान कंपन्यांमार्फत व्हिसाशिवाय ट्रान्झिट करता येत असे. ती सवलत अमेरिकेनं सुरक्षेच्या कारणावरून २ ऑगस्ट २००३ला थांबवली. सी-१ची फी पर्यटक व्हिसाइतकीच, म्हणजे १८५ डॉलर आहे. तेवढेच पैसे आणि तेवढीच धावपळ करायची तर पर्यटक व्हिसाच का मागू नये, असा हिशोब पुष्कळ जण करतात आणि तो चुकीचा नाही.

ब्रिटनमध्ये आतल्या आत विमान बदलता येतं, पण भारतीय पासपोर्टवर त्यासाठीही वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागतो. कॅनडाही मागतो. अठ्ठेचाळीस तासांच्या आतल्या मुक्कामासाठीचा कॅनडाचा ट्रान्झिट व्हिसा फुकट आहे, पण अर्ज आधी करून तो हातात घ्यावा लागतो. फुकट म्हणजे आपोआप, असा अर्थ लावून माणसं फसतात.

या गैरसमजाच्या मुळाशी आणखी एक कल्पना आहे: ट्रान्झिटची जागा म्हणजे कोणाचीच जमीन नाही. चित्रपटांनी ती फार रंगवली. मेहरान करिमी नासेरी हा इराणी माणूस १९८८पासून २००६पर्यंत पॅरिसच्या चार्ल्स द गॉल विमानतळावर राहिला, हे खरंच आहे. पण तो राहिला तो फ्रान्सच्याच भूमीवर. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं १९९६मध्ये ‘अमूर विरुद्ध फ्रान्स’ या खटल्यात हे स्वच्छ सांगितलं. सोमालियातून आलेल्या काही भावंडांना पॅरिसच्या ओर्ली विमानतळाच्या ‘आंतरराष्ट्रीय विभागात’ अडकवून ठेवलं होतं. नाव काहीही असो, ती जागा फ्रान्सचीच आहे आणि तिथं फ्रान्सचाच कायदा चालतो, असा निकाल लागला. आपल्या जमिनीवर तासभर बसू द्यायलाही परवानगी मागायचा अधिकार त्या त्या देशाला आहे. कोणी तो वापरतो, कोणी नाही.

वापरणारे का वापरतात, हेही समजून घेतलेलं बरं. तिकीट पुढच्या देशाचं काढायचं, मधल्या विमानतळावर कागद फाडून आश्रय मागायचा किंवा मधल्या देशातून चोरवाटेनं पुढं सरकायचं, हे प्रकार घडतात आणि त्यात भारतीयही सापडले आहेत. डिसेंबर २०२३मध्ये अमिरातीतल्या फुजैराहून निकाराग्वाला निघालेलं ३०३ भारतीयांचं एक खास विमान इंधन भरायला फ्रान्समधल्या वात्री विमानतळावर उतरलं. मानवी तस्करीच्या संशयावरून ते तिथंच अडवलं गेलं आणि अखेर २७६ प्रवाशांना घेऊन मुंबईला परत आलं. त्याच्या दोनच महिने आधी एल साल्वाडोरनं भारत आणि आफ्रिकेतल्या देशांच्या पासपोर्टवर आपल्या विमानतळावरून पुढं जाणाऱ्यांवर करासकट १,१३० डॉलरचं शुल्क बसवलं होतं. सरळ मार्गानं जाणाऱ्याला त्याचा भुर्दंड बसतो, ही तक्रार रास्त आहे. पण विमानतळाच्या काउंटरवर ती ऐकायला कोणी बसलेलं नसतं.

दुसरा गैरसमज अर्धा खरा आहे, म्हणून जास्त घातक: ‘अमेरिकेचा व्हिसा असला की सगळीकडे चालतं.’ ब्रिटनच्या बाबतीत हे बरंचसं खरं. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा मुदतीतला व्हिसा असलेल्या भारतीयाला लंडनच्या हीथ्रो विमानतळावर आतल्या आत विमान बदलायला ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही. आपसात सीमेवर तपासणी नसलेल्या युरोपातल्या शेंगेन देशांचा नियमही असाच वाटतो, पण त्यांची यादी वेगळी आहे. अमेरिका, कॅनडा, जपान किंवा युरोपीय संघातल्या देशाचा व्हिसा असेल तर तिथं विमानतळ-ट्रान्झिट व्हिसातून सूट मिळते; ऑस्ट्रेलियाचं नाव त्या यादीत नाही. म्हणजे मेलबर्नला शिकणाऱ्या मुलाला जी सवलत लंडनला मिळते, ती शेंगेनच्या विमानतळावर मिळेलच असं नाही. आणि कॅनडा? तिथं अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा दाखवूनही भारतीयाचं काम होत नाही. काही देशांच्या नागरिकांना अमेरिकेच्या व्हिसावर कॅनडाची ऑनलाइन परवानगी मिळते. २०२३मध्ये ती यादी तेरा देशांनी वाढली, पण भारत त्यात आला नाही.

‘युरोप म्हणजे एकच’ हेही पूर्ण खरं नाही. विमानतळ-ट्रान्झिट व्हिसा सक्तीचा असलेल्या बारा देशांची एक सामाईक यादी शेंगेनच्या नियमांत आहे. त्यात पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका आहेत, भारत नाही. पण एखाद्या सदस्य देशाला वाटलं तर तो स्वतःपुरती नावं वाढवू शकतो. जर्मनी आणि फ्रान्सनं वर्षानुवर्षं भारताचं नाव असं वाढवून ठेवलेलं होतं, नेदरलँड्सनं नाही. म्हणून एकच माणूस ॲमस्टरडॅमला निर्धास्त विमान बदलत असे आणि फ्रँकफर्टला त्यालाच व्हिसा लागत असे. जानेवारी २०२६मध्ये जर्मनीचे चान्सलर फ्रीडरिश मेर्त्स भारतात आले, तेव्हा भारतीय पासपोर्टधारकांना जर्मन विमानतळांवर व्हिसाशिवाय ट्रान्झिट करू देण्याची घोषणा झाली. घोषणा झाल्याची बातमी वाचून लगेच तिकीट काढू नये; ती कोणत्या तारखेपासून लागू आहे हे जर्मन दूतावासाच्या पानावर बघून मगच पैसे भरावेत. चीनच्या २४० तास व्हिसामुक्त ट्रान्झिटचे व्हिडिओ पाहून खूश होणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. ती सवलत ५५ देशांना आहे आणि त्यात भारत नाही. भारतीयाच्या वाट्याला येते ती तिथली चोवीस तासांची सवलत.

परतीच्या प्रवासाकडे कोणी बघतच नाही. ‘घरीच तर चाललोय, आता व्हिसा कशाला?’ अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मुलाचा तिथं राहण्याचा परवाना वाढलेला असतो, पण पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत कधीच संपलेली असते. अमेरिकेत राहायला ते चालतं. पण ट्रान्झिट व्हिसा मागणाऱ्या युरोपीय देशामार्गे मुंबईला निघाला की सूट द्यायला तो देश अमेरिकेचा मुदतीतला व्हिसा शोधतो आणि परवाना वाढल्याचा कागद त्याच्या लेखी व्हिसा नसतो. यावरून माणसं विमानतळावरून मागं फिरली आहेत. उलट, जुन्या पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत शिल्लक असेल तर तो वाया जात नाही. मात्र दोन्ही पासपोर्ट जवळ ठेवावे लागतात. आईच्या पर्समध्ये एक आणि चेक-इन केलेल्या बॅगेत दुसरा, असं करून उपयोग नाही.

आता तिकिटाकडे येऊ, कारण माझ्या मते खरी मेख तिथंच आहे. व्हिसा लागेल की नाही हे अनेकदा देश ठरवत नाही, आपण काढलेलं तिकीट ठरवतं. एकाच बुकिंगवर मुंबई-दुबई-टोरांटो असेल तर बॅग मुंबईत दिली की थेट टोरांटोला मिळते. हजारभर रुपये वाचवायला दोन वेगळ्या कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं जोडली, तर बॅग बहुधा मधल्या विमानतळावर बाहेर येते. ती घ्यायला इमिग्रेशन ओलांडून बाहेर यायचं आणि पुन्हा चेक-इन करायचं. त्या क्षणी आपण ट्रान्झिटचे प्रवासी उरत नाही, त्या देशात प्रवेश करणारे होतो. आणि प्रवेशाला प्रवेशाचाच व्हिसा लागतो. शारजाला उतरून दुबईहून पुढचं विमान धरणं, इस्तंबूलच्या एका विमानतळावरून दुसऱ्यावर जाणं, हीथ्रोहून लंडनच्याच गॅटविकला जाणं, हे सगळं याच खात्यात मोडतं. शहराचं नाव सारखं दिसतं किंवा शहरं शेजारी असतात म्हणून फसायला होतं, एवढंच.

शेंगेनमध्ये ही चूक आणखी सहज होते. मुंबई-पॅरिस-लिस्बन-साओ पाउलो असं स्वस्त तिकीट दिसतं. पॅरिस ते लिस्बन हा त्यांच्या लेखी देशांतर्गत प्रवासासारखा. म्हणजे पॅरिसलाच शेंगेनमध्ये प्रवेश झाला. इथं विमानतळ-ट्रान्झिट व्हिसाही पुरत नाही, पूर्ण शेंगेन व्हिसा हवा. एका शेंगेन विमानतळावर विमान बदलणं आणि दोन शेंगेन विमानतळांवर बदलणं, यात कागदाच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे.

परदेशातल्या मराठी घरांत आणखी एक गुंता असतो. आजीकडे भारतीय पासपोर्ट, मुलगा-सून ग्रीन कार्डवर, नात जन्मानं अमेरिकन. चौघांचं तिकीट एक, मार्ग एक, खुर्च्या शेजारी शेजारी. नियम मात्र माणसागणिक निराळा. ‘पोरीला तर काहीच लागत नाही, मग मला का?’ असं आजी विचारते. कधी उलटही होतं. ब्रिटननं अलीकडे अमेरिकनांसह अनेक देशांच्या नागरिकांना ईटीए नावाची ऑनलाइन परवानगी सक्तीची केली आहे. हीथ्रोला आतल्या आत विमान बदलताना ती लागत नाही, पण विमान हुकलं आणि रात्री हॉटेलात जायची वेळ आली तर नातीलाही ती लागते. आणि भारतीय पासपोर्टवर ईटीए मिळतच नाही. आजीला लागला तर व्हिसाच लागतो. ऑनलाइन ‘ईटीए काढून देतो’ म्हणून भारतीयांकडून पैसे उकळणारी पानं आहेत, त्यांच्यापासून जपून.

‘एजंटनं तिकीट दिलं म्हणजे त्यानं बघितलंच असेल.’ नाही. तिकीट विकणारा तिकीट विकतो. तपासणी होते ती मुंबईच्या चेक-इन काउंटरवर, तीही परदेशी अधिकाऱ्याकडून नव्हे तर विमान कंपनीच्या कर्मचाऱ्याकडून. त्याच्या पडद्यावर आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेची टायमॅटिक नावाची यंत्रणा असते. पासपोर्ट, मार्ग, हातातले व्हिसा भरले की ती हो किंवा नाही सांगते. कागद नसलेला प्रवासी नेला तर दंड कंपनीला बसतो. ब्रिटनमध्ये माणशी दोन हजार पौंड, युरोपीय संघात तीन हजार युरो आणि त्याहून जास्त. म्हणून काउंटरवरची मुलगी विनवणीला दाद देत नाही. तिच्यावर चिडण्यात अर्थ नाही. तीच माहिती आयाटाच्या संकेतस्थळावर प्रवाशालाही बघता येते, आणि ती बघायची वेळ तिकीट काढण्याआधीची आहे.

सगळं नीट असूनही कधी विमानच वाट बदलतं. डिसेंबर २०२४मध्ये बहारीनहून मँचेस्टरला निघालेलं विमान तांत्रिक बिघाडामुळे कुवेतला उतरलं. त्यात मुंबईहून आलेले प्रवासीही होते. काही देशांच्या प्रवाशांना तिथं जागेवर व्हिसा मिळून हॉटेल मिळालं. भारतीयांना बराच काळ विमानतळावरच काढावा लागला आणि शेवटी भारतीय दूतावासाला मध्ये पडावं लागलं. एप्रिल २०२५मध्ये लंडन-मुंबई विमान तुर्कस्तानातल्या दियारबाकरला उतरलं आणि दोनशेहून अधिक प्रवासी चाळीस तासांपेक्षा जास्त खोळंबले. अशा प्रसंगासाठी आधी व्हिसा काढून ठेवणं कोणालाच शक्य नाही. औषधं, चार्जर आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या बॅगेत ठेवणं मात्र शक्य आहे.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. ओव्हरबुकिंगमुळे विमानात घेतलं नाही तर मिळणारी भरपाई कागद अपुरे पडल्यावर मिळत नाही. तो दोष प्रवाशाचा धरला जातो. तरी तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ आहे म्हणून हात झटकणाऱ्या भारतीय कंपनीकडून सरकारी कर आणि विमानतळाचं प्रवासी शुल्क तेवढं परत मागता येतं, तसा डीजीसीए या भारताच्या विमान वाहतूक नियामकाचा नियम आहे. परदेशी कंपनी तिच्या देशाच्या नियमानं परतावा देते. अर्ज लेखी करावा, आणि एजंटमार्फत तिकीट असेल तर पैसे त्याच्याच मार्गानं परत येतात, म्हणून पावती जपून ठेवावी.