फाइल ठेवली कुठे?

पुण्याची महात्मा फुले मंडई 1886पासून उभी आहे. तिथलं नेहमीचं गिऱ्हाईक पाट्या वाचत नाही, पाय ओळखीच्या गाळ्याकडे आपोआप वळतात. संगणकात फाइल शोधतानाही मेंदू हेच करतो. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका मेंदू-प्रतिमा अभ्यासात दिसलं, की फोल्डरमागून फोल्डर उघडत जाताना प्रत्यक्ष वाट शोधणारे भाग कामाला लागतात. नाव टाइप करून शोधताना मात्र भाषेशी निगडित भाग.

म्हणून फाइल मॅनेजर, म्हणजे फाइली आणि फोल्डर दाखवणारा प्रोग्राम, बदलला की माणसं चिडतात, आणि ते चिडणं रास्त आहे. लिनक्सवरच्या नॉटिलस या फाइल मॅनेजरचंच पाहा. 2004मध्ये त्याच्या कर्त्यांनी प्रत्येक फोल्डर स्वतंत्र खिडकीत, ठरल्या जागीच उघडायचं ठरवलं. कल्पना अभ्यासू होती, जागेच्या स्मृतीवरच बेतलेली. पण पाच फोल्डर आत शिरलं की पडद्यावर पाच खिडक्यांची गर्दी! तक्रारी होत राहिल्या आणि 2010मध्ये एका खिडकीची पद्धत परत आली. 2012मध्ये दोन फोल्डर शेजारी-शेजारी पाहायची सोय काढली गेली, तेव्हा लिनक्सच्याच ‘मिंट’ या आवृत्तीच्या कर्त्यांनी नॉटिलसपासून ‘नेमो’ घडवला आणि ती सोय जपली.

‘हे वाईट आहे’ एवढ्या शेऱ्याने मात्र काही सुधारत नाही. कोणतं काम करताना, कुठल्या पायरीवर अडलो, तिथे काय दिसेल असं वाटलं होतं, हे सांगायला हवं. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांच्या मते पाच जणांना काम करताना नुसतं पाहिलं, तरी बहुतेक अडचणी उघड होतात. कारण माणसं बहुधा त्याच त्या ठिकाणी अडतात.